दीड तासाची वाट, दिवसभराचा वळसा

मुंबई आणि कराची ही अरबी समुद्राच्या एकाच किनाऱ्यावर वसलेली दोन बंदरे. नकाशावर मोजपट्टी ठेवली तर त्यांच्यामधील हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर भरते. मुंबईहून दिल्ली यापेक्षा लांब आहे. ते अंतर सुमारे ११४० किलोमीटर आहे. आमच्या गोव्यापुरते बोलायचे तर दाबोळीहून कराची सुमारे १२७० किलोमीटरांवर आणि राजधानी दिल्ली सुमारे १५०० किलोमीटरांवर आहे. म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने मुंबईकराला काय किंवा गोमंतकीयाला काय, कराची ही दिल्लीहून जवळची आहे. हे वाचून काही वाचकांस नवल वाटेल. कित्येकांस ते खरेही वाटणार नाही. आपल्या मनातील नकाशा आणि भिंतीवरील नकाशा यांत किती तफावत पडली आहे, याचेच ते गमक होय.

आजचे जेट विमान आकाशात ताशी आठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने ८७५ किलोमीटर तोडावयास तासभर पुरावा. परंतु विमानाचा प्रवास असा त्रैराशिकाने सुटत नाही. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग मंदावणे, उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्या घालणे, या सर्वांस वेळ लागतो. शिवाय विमाने सरळ रेषेत उडत नाहीत. आखून दिलेल्या हवाई मार्गांनी त्यांना जावे लागते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार प्रवाह वाहत असतो. त्यामुळे त्या भागातून पश्चिमेस जाणाऱ्या विमानास जास्त वेळ लागतो आणि परत येणारे विमान लवकर पोहोचते. हे सारे जमेस धरून मुंबई ते कराची हा प्रवास सुमारे दीड तासाचा. त्यातही एक गंमत अशी की, पाकिस्तानचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या अर्धा तास मागे असते. मुंबईत दुपारी बारास निघालेला प्रवासी कराचीस उतरेल तेव्हा तेथील घड्याळात एकच वाजलेला असेल.

हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्षात या दोन शहरांना जोडणारी थेट विमानसेवा गेल्या दशकात आटत आटत संपुष्टात आली. त्यानंतर ज्याच्यापाशी दोन्ही सरकारांची कागदपत्रे असतील त्याला दुबईसारख्या आखाती शहराचा वळसा घेण्यावाचून फारसा पर्याय उरला नाही. मुंबई ते दुबई सुमारे १९३० किलोमीटर, दुबई ते कराची सुमारे १२०० किलोमीटर. ८७५ किलोमीटरांच्या जागी तीन हजारांहून अधिक किलोमीटर, आणि दीड तासाच्या जागी दुबईतील थांबा धरून जवळजवळ सबंध दिवस. पश्चिमेस पार आखातापर्यंत जावयाचे आणि तेथून पुन्हा पूर्वेस परतून, जे शहर आरंभीच जवळ होते तेथे उतरावयाचे! घराच्या मागच्या दारी राहणाऱ्या शेजाऱ्याकडे जाण्यासाठी गावाला प्रदक्षिणा घालावी, त्यातलाच हा प्रकार.

हे अंतर नेहमीच असे नव्हते. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्यास जोडला. १९३६ साली सिंधचा स्वतंत्र प्रांत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, कराची आणि रत्नागिरी ही एकाच इलाख्यातील गावे होती. एकाच गव्हर्नराच्या कारभाराखाली ती नांदत होती. सिंधमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती आणि तेथील विद्यार्थी मुंबईच्याच पदव्या मिळवीत. १८५५ साली कराचीत स्थापन झालेली सरकारी शाळा पुढे नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने प्रसिद्धीस आली, आणि फाळणीनंतरही ती त्याच नावाने ओळखली जात राहिली. नोकरी, व्यापार आणि रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी माणसे तेथे गेली व स्थायिक झाली. गोमंतकीयही मोठ्या संख्येने गेले. विशेषतः आमच्या ख्रिस्ती बांधवांनी त्या शहराच्या शिक्षणात, संगीतात, कचेऱ्यांत आणि नगरपालिकेत आपले स्थान निर्माण केले. गोवेकरांची संस्था तेथे एकोणिसाव्या शतकातच उभी राहिली. बार्देश-साष्टीतील कितीतरी घरांच्या जुन्या पत्रांवर कराचीचे शिक्के होते.

भारतीय विमानवाहतुकीचा जन्मही याच दोन शहरांमध्ये झाला, हे विसरता कामा नये. इंग्लंडहून येणारी हवाई टपाल १९२९ सालापासून कराचीपर्यंत येऊ लागली होती. ती पुढे मुंबईस आणि मद्रासेस नेण्याचे काम टाटांनी अंगावर घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ जातीचे एका इंजिनाचे चिमुकले विमान घेऊन कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून सकाळी निघाले आणि वाटेत अहमदाबादेस इंधन घेऊन दुपारी मुंबईस जुहूच्या मैदानात उतरले. अहमदाबादेस त्यांच्या विमानाचे इंधन बैलगाडीतून आणण्यात आले होते. विमानात होती ती टपालाची पोती. प्रवासी कोणीही नव्हता. मुंबईहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते विमान बेल्लारीमार्गे मद्रासेस नेले. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी जुन्या बनावटीच्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा एकट्याने केले. त्या वेळी तीन युद्धे होऊन गेली होती. तरीही दोन्ही सरकारांनी त्या वृद्ध वैमानिकास वाट मोकळी ठेवली. १९३२ साली बैलगाडीतून आलेल्या इंधनावर जो प्रवास एका दिवसात सुखरूप झाला, तो जेटच्या युगात दुबईवरून करावा लागावा, याला प्रगती म्हणावयाचे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अंतर हे मैलांवर नव्हे, तर राजकारणावर अवलंबून असते, हा धडा गोमंतकाला नव्याने शिकण्याची गरज नाही. तो आम्ही घरच्या घरी शिकलो आहोत. १९५५ सालच्या सत्याग्रहानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली. रेल्वे बंद झाली, सीमा बंद झाली, पणजीतील भारतीय वकिलात मिटली. दाबोळी ते मुंबई हे अंतर हवेतून सुमारे सव्वाचारशे किलोमीटर आहे. पण ज्याचा मुलगा मुंबईस गिरणीत होता, ज्याची बहीण गिरगावात दिली होती, त्याला ते अंतर परवान्यांच्या आणि चौक्यांच्या डोंगराएवढे झाले. त्याच वर्षी दाबोळीचा विमानतळ सुरू झाला. पोर्तुगीज सरकारने ‘ताइप’ या नावाने ओळखली जाणारी आपली विमानसेवा काढली, आणि ती दमण, दीव व कराचीकडे जाऊ लागली. ज्या मुंबईशी आमचे रक्ताचे आणि भाषेचे नाते, ती अशा रीतीने दूर झाली. आणि जिच्याशी आता आमचे राज्य नव्हते की राष्ट्रही नव्हते, ती कराची जवळ आली. गोव्यातून बाहेरच्या जगात पडण्याची ती एक मुख्य खिडकी बनली.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्याच रात्री, कशीबशी बुजवलेल्या धावपट्टीवरून, अंधारात दोन विमाने पोर्तुगीज कुटुंबांना घेऊन निसटली. ती गेली तीही कराचीसच. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि मुंबई पुन्हा जवळ आली. डोंगर तेच होते, समुद्र तोच होता, मोजपट्टीही तीच होती. बदलले होते ते केवळ राज्य. नाकेबंदी आवश्यक होती की नव्हती, हा प्रश्न वेगळा. परदेशी सत्तेविरुद्ध लढताना राष्ट्राला काही दरवाजे लावून घ्यावे लागतात, हे आम्ही मान्य करतो. परंतु लावलेल्या दाराचा खिळा कोणाच्या हातात घुसतो, हे त्या काळात घराघरांत अनुभवलेल्या या भूमीने विसरणे योग्य नव्हे.

फाळणीनंतर मुंबई-कराचीचा रस्ता किती वेळा तुटला आणि किती वेळा सांधला गेला, याचा हिशेब उद्बोधक आहे. १९४७-४८ साली कराचीहून सिंधी हिंदू निर्वासितांनी भरलेल्या बोटी मुंबईच्या धक्क्याला लागत होत्या. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांनी उभारलेले गाव म्हणजेच उल्हासनगर. १९६५ च्या युद्धात सिंध आणि राजस्थान यांना जोडणारा खोकरापार-मुनाबावचा लोहमार्ग तुटला, तो सांधावयास २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सुरू झालेली ‘थर एक्स्प्रेस’ २०१९ साली पुन्हा थांबली. जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून जम्मूस निघालेले ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरास नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. त्यावर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. तिचा परिणाम असा झाला की, कराची ते ढाका हे सुमारे २३५० किलोमीटरांचे अंतर पाकिस्तानच्या विमानांना कोलंबोमार्गे, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोमीटर करून गाठावे लागले. एकाच देशाच्या दोन भागांमधील वाट एका आदेशाने दुप्पट लांबली. त्या वर्षअखेरीस तो देश एक राहिला नाही. ही हवाई वाट पुन्हा खुली झाली ती १९७६ साली.

पुढे १३ डिसेंबर २००१ रोजी आपल्या संसदेवर हल्ला झाला आणि १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे आकाश बंद राहिले. २०१९ साली बालाकोटनंतर २७ फेब्रुवारीस पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती १६ जुलैस उघडली. त्या साडेचार महिन्यांत एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसल्याचे सरकारने संसदेत सांगितले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसे मारली. त्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केले. पुढे ही मुदत महिन्यामहिन्याने वाढवण्यात येऊ लागली.

हा वळसा केवळ वेळेचा नाही. वाट लांबली की इंधन जास्त घ्यावे लागते. इंधन जास्त घेतले की विमानाचे वजन वाढते, आणि वाढलेले वजन वाहून नेण्यासाठीही पुन्हा इंधन जळते. वजनाची मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणून मग प्रवासी किंवा माल कमी करावा लागतो. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर कायद्याचे बंधन असल्यामुळे जादा वैमानिक नेमावे लागतात किंवा वाटेत थांबावे लागते. दिल्लीहून अमेरिकेस न थांबता जाणाऱ्या विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. दिल्ली ते ताश्कंद हे अंतर जेमतेम सोळाशे किलोमीटर. परंतु मधले आकाश बंद होताच तो मार्ग आपल्या विमानांच्या आवाक्याबाहेर गेला आणि सेवा थांबवावी लागली. ज्या ताश्कंदात १० जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पाकिस्तानशी शांततेचा करार केला आणि त्याच रात्री देह ठेवला, तेच हे ताश्कंद. इतिहासालाही कधी कधी क्रूर विनोद करण्याची लहर येते.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. ‘दार उघडा’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या दारातून काय आले, हे विसरून तसे म्हणणे हा भाबडेपणा होईल. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर तुटून पडलेले दहा अतिरेकी कराचीहूनच समुद्रमार्गे आले होते. दोन बंदरांमधील हे थोडके अंतर त्यांनीही मोजले होते. वाटेत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवली आणि तिच्यावरील खलाशांना ठार केले. त्या हत्याकांडाचे पहिले बळी कोळीच होते. पुढे मुंबईत १६६ माणसे मारली गेली. त्याआधी, ५ सप्टेंबर १९८६ रोजी, मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान पहाटे कराचीस उतरले असता सशस्त्र अपहरणकर्त्यांनी ते ताब्यात घेतले. त्या वेळी प्रवाशांना वाचवताना नीरजा भनोत या तेवीस वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीने प्राण दिले. मुंबई-कराची या वाटेचे पावित्र्य त्या मुलीच्या रक्ताने वाढले आहे आणि त्या वाटेवरील धोकाही त्याच रक्ताने अधोरेखित केला आहे. ज्या सरकारवर कोट्यवधी लोकांच्या संरक्षणाची जबाबदारी आहे, त्याने डोळे मिटून दारे उघडावीत, असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक राष्ट्राला आपल्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व आहे, हे १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात मान्य केलेले आहे. ते वापरण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो कोणी नाकारू नये.

प्रश्न अधिकाराचा नाही. तो वापरून काय साधले, याचा आहे. ‘कुबेर’ नौका ज्यांनी पळवली ते व्हिसा घेऊन आले नव्हते आणि त्यांनी विमानाचे तिकीटही काढले नव्हते. आकाश बंद केल्याने अतिरेक्यांची वाट एका मैलानेही लांबत नाही. लांबते ती ज्यांच्या हातात कायदेशीर कागद आहेत त्यांची. कराचीत उरलेली म्हातारी बहीण आणि पणजीत किंवा मुंबईत राहणारा भाऊ यांची भेट लांबते. मृत्यूची वार्ता आली तर अंत्यदर्शनाला पोहोचण्याची आशा मावळते. भारताने कराचीतील आपली वकिलात १९९४ अखेरीस बंद केली. तेव्हापासून सिंधमधील माणसाला भारताच्या परवान्यासाठी हजार-बाराशे किलोमीटर उत्तरेस इस्लामाबादेकडे पाहावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसाच स्थगित केले. आधी वकिलात गेली, मग रेल्वे गेली, मग विमान गेले, शेवटी कागदही गेला. पायऱ्या एकामागून एक काढून घेतल्यावर घरात जिना होता, हेही पुढच्या पिढीला सांगावे लागेल.

आणि या सर्वांहून जास्त किंमत जो देतो, त्याचे नाव या चर्चेत सहसा येत नाही. तो म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचा खलाशी. कच्छच्या रणातील सर क्रीक या सुमारे ९६ किलोमीटर लांबीच्या खाडीवरून दोन्ही देशांमध्ये वाद आहे. जमिनीवरचा हा वाद सुटत नाही, म्हणून समुद्रातील सीमाही निश्चित होत नाही. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. मासळीच्या मागे गेलेली नौका वारा आणि प्रवाह यांच्या जोराने थोडी पुढे सरकते आणि पाकिस्तानी गस्तीच्या हाती सापडते. ओखा, पोरबंदर, वेरावळ, दीव येथल्या या नौका. त्यांवरील खलाशांत आमच्या पालघर जिल्ह्यातील गरीब आदिवासी तरुणही असतात. पगार थोडा आणि नौका दुसऱ्याच्या मालकीची. पण समुद्रात पकडले गेले तर तुरुंगवास मात्र स्वतःचा. तिकडचे कोळीही याच रीतीने आपल्या तुरुंगांत येऊन पडतात.

२००८ च्या करारानुसार दोन्ही सरकारे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या तुरुंगांतील भारतीय मच्छीमारांची संख्या २१७ होती. युद्धजन्य वातावरणातही ही देवाणघेवाण खंडित होत नाही, ही दोन्ही देशांच्या नोकरशाहीस शोभणारी गोष्ट आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण याद्या दिल्याने माणसे घरी येत नाहीत. शिक्षा भोगून झाल्यावरही नागरिकत्वाची खातरजमा होईपर्यंत महिने, कधी वर्षे जातात. दोन्ही बाजूंच्या निवृत्त न्यायमूर्तींची एक समिती या कैद्यांची विचारपूस करण्यासाठी नेमली होती. तिचे काम २०१३ नंतर थंडावले.

अखेर सुटका होते तेव्हाही अंतराची थट्टा संपत नाही. कराचीच्या मलीर तुरुंगातून सुटलेल्या खलाशाला त्याच्या बंदराकडे, दक्षिणेला, समुद्रावाटे पाठवले जात नाही. त्याला आधी हजार-बाराशे किलोमीटर उत्तरेस लाहोरास नेतात, वाघा येथे सीमा ओलांडवतात, आणि मग अमृतसरहून तेवढाच लांबचा प्रवास करून तो गुजरातच्या किनाऱ्यावर परततो. दीवचा माणूस ज्या पाण्यात पकडला गेला, तेथून त्याचे घर नौकेने एक-दोन दिवसांच्या वाटेवर. परंतु घरी जाण्यासाठी त्याला पंजाबचे दर्शन घ्यावे लागते! तुरुंगातच एखाद्याचा अंत झाला, तर त्याच्या देहालाही हाच वळसा. मुंबईच्या विमानतळावर तासा-दीड तासात उतरू शकणारी शवपेटी गावी पोहोचावयास आठवडे लागतात. तोवर घरातील माणसांनी दहावे करावे की वाट पाहावी? आमच्या धर्मात मृताला वेळेवर अग्नी देणे हे वारसाचे पहिले कर्तव्य मानले आहे. ते कर्तव्य बजावण्याचा हक्कही जर शत्रुत्वाच्या हिशेबात जमा होत असेल, तर तो हिशेब कोठे तरी चुकतो आहे.

कोणी म्हणेल, वैर आहे तेथे वाट कशी राहील? याचे उत्तर जगात इतरत्र मिळते. चीन आणि तैवान यांच्यातील वैर आपल्याइतकेच जुने आहे आणि आजही मिटलेले नाही. तैपेई ते शांघाय हे अंतर सुमारे ६८० किलोमीटर. परंतु कित्येक दशके प्रवाशांना हाँगकाँगचा किंवा मकावचा वळसा घ्यावा लागे आणि दिवस मोडे. २००८ साली दोन्ही बाजूंनी थेट उड्डाणे सुरू केली. कोणीही आपला दावा सोडला नाही, कोणीही कोणाला मान्यता दिली नाही. फक्त प्रवाशाचा दिवस वाचला. सौदी अरेबिया आणि इस्राएल यांचे राजनैतिक संबंध नव्हते. तरीही मार्च २०१८ मध्ये सौदी सरकारने दिल्लीहून तेल अवीवला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानास आपल्या आकाशातून वाट दिली आणि सुमारे दोन तास वाचले. वाट देणे म्हणजे मिठी मारणे नव्हे. शेतकऱ्यांचे बांधावरून तंटे असतात, कोर्टकज्जे चालू असतात. पण पाणंद कोणी नांगरून टाकत नाही. तिकडून पलीकडच्याची गुरे जातात, तशी आपलीही जातात.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. मैत्रीच्या बसगाड्या, क्रिकेटचे सामने, मुशायरे, यांविषयी आज बोलण्यात अर्थ नाही. त्याला काळ अनुकूल यावा लागेल, आणि तो अनुकूल करण्याची पहिली जबाबदारी ज्या भूमीवरून अतिरेकी पोसले जातात तिच्या राज्यकर्त्यांवर आहे. परंतु तीन गोष्टी राजकारणाच्या वातावरणाबाहेर ठेवता येतील. पहिली, शिक्षा संपलेल्या आणि ओळख पटलेल्या मच्छीमारांना त्यांच्या नौकांसह समुद्रमार्गेच ठरलेल्या जागी परत करावे. दोन्ही देशांची तटरक्षक दले त्या पाण्यात गस्त घालतातच, त्यांना हे काम कठीण नाही. दुसरी, तुरुंगात मृत्यू पावलेल्यांचे देह आणि मरणासन्न आजारी माणसे यांच्यासाठी मुंबई-कराची या मार्गावर आगाऊ सूचना देऊन विशेष विमानास परवानगी मिळावी. तिसरी, बंद पडलेली न्यायमूर्तींची समिती पुन्हा उभी करावी आणि तिला वर्षातून दोनदा तुरुंगांना भेट देण्याचे बंधन असावे. यांपैकी एकाही गोष्टीने देशाच्या संरक्षणाला तडा जात नाही. यांपैकी एकीनेही पाकिस्तानला काही बहाल केले असे होत नाही. आपल्याच माणसांना आपण परत मिळवतो.

हवाई हद्दीचा प्रश्न याहून अवघड आहे, हे आम्ही जाणतो. तेथे दोन्ही बाजूंचा पैसा आणि प्रतिष्ठा गुंतलेली आहे. परंतु आजवरचा अनुभव असा की, प्रत्येक वेळी बंद झालेले आकाश अखेर उघडावेच लागले. १९७१ चे पाच वर्षांनी, २००२ चे दोन वर्षांनी, २०१९ चे साडेचार महिन्यांनी. उघडताना कोणीही विजयाचा नगारा वाजवला नाही, कारण विजय कोणाचाच झाला नव्हता. जे शेवटी करावेच लागणार, ते किती कोटी रुपये आणि किती माणसांचे किती दिवस जाळून करावयाचे, एवढाच काय तो निर्णय दोन्ही राजधान्यांच्या हातात असतो.

दिल्ली आणि इस्लामाबाद या दोन्ही राजधान्या समुद्रापासून दूर आहेत. तेथे बसून नकाशा पाहणाऱ्याला सीमा म्हटली की वाघ्याचे फाटक आणि काश्मीरचे डोंगर दिसतात. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना सीमा दिसते ती पाण्याची. आणि पाण्यावर आमची माणसे रोज जातात. त्यांच्या दृष्टीने मुंबई-कराची हे अंतर हा भूगोलाच्या पुस्तकातील कोरडा आकडा नसून घरी परतण्याच्या आशेचे माप आहे. ते ८७५ किलोमीटरांवरून वाढत वाढत कितीही होऊ शकते, हे आजवर आपण पुरेसे सिद्ध केले. ते निदान कैदी, रुग्ण आणि मृत यांच्यापुरते तरी पुन्हा ८७५ किलोमीटरांवर आणणे ज्या दिवशी दोन्ही सरकारांना जमेल, त्या दिवशी त्यांनी कोणावर उपकार केले असे नव्हे. निसर्गाने जे अंतर आखून दिले आहे, तेवढे मान्य केले, इतकेच म्हणता येईल.